किलोमीटरचा आकडा येतो कुठून?

वाहनाच्या मीटरवरचा आकडा आपण सहसा तपासून पाहत नाही, मान्य करून टाकतो. रिक्षाचे भाडे त्याच्यावर ठरते. इंजिनातले ऑइल कधी बदलायचे, टायर किती चालले, गाडी एका लिटरला ‘ॲव्हरेज’ किती देते, हे सगळे त्या आकड्यावरूनच आपण सांगतो. जुनी मोटारसायकल विकत घेताना तर पहिला प्रश्नच असतो, “चाललीय किती?” आणि उत्तर मीटरवर वाचले जाते.

वर्गात अंतर मोजायचे झाले तर आपण टेप घेतो, तिचे एक टोक एका खुणेवर धरतो आणि दुसरे दुसऱ्या खुणेपर्यंत नेतो. वाहन रस्त्याला टेप लावत नाही. रस्ता किती लांब आहे हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. मग हा आकडा येतो कुठून?

खरे उत्तर थोडे अनपेक्षित आहे. वाहन अंतर मोजतच नाही. ते चाकाच्या फेऱ्या मोजते आणि पुढे एक गुणाकार करते :

कापलेले अंतर = चाकाच्या फेऱ्या × एका फेरीत कापलेले अंतर

या गुणाकारातल्या दोन संख्यांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. फेऱ्यांची संख्या मोजून मिळते आणि मोजणी बहुधा बिनचूक असते. दुसरी संख्या मात्र मोजलेली नसते. ती कारखान्यात एकदा ठरवलेली असते आणि प्रत्येक फेरीला ती तितकीच राहते असे गृहीत धरलेले असते. मीटर बरोबर असणे किंवा नसणे हे जवळजवळ पूर्णपणे या गृहीतावर अवलंबून आहे. ते कसे, हे आता क्रमाने पाहू.

खडे, चिंधी आणि जपमाळ

फेऱ्या मोजून अंतर काढण्याची कल्पना फार जुनी आहे. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या खंडात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा रोमन फूट होता. चाकाच्या तुंब्यावर एकच दाता होता. चाकाची एक फेरी झाली की हा दाता ४०० दात्यांच्या एका चकतीला एका दात्याने पुढे ढकलत असे. म्हणजे चाकाच्या ४०० फेऱ्या झाल्या की चकतीची एक फेरी पूर्ण होई. साडेबारा गुणिले ४०० म्हणजे ५००० फूट, आणि ५००० रोमन फूट म्हणजेच एक रोमन मैल. चकतीची फेरी पूर्ण होताच वरच्या आडव्या चकतीतला एक खडा खालच्या काशाच्या भांड्यात पडे. मुक्कामाला पोचल्यावर भांड्यातले खडे मोजले की किती मैल आलो ते कळे.

चीनमध्येही अशीच गाडी होती. तिच्यातली लाकडी बाहुली दर ‘ली’ला, म्हणजे तिथल्या अंतराच्या एककाला, नगारा वाजवीत असे. खडा पडो की नगारा वाजो, युक्ती तीच : चाकाच्या पुष्कळ फेऱ्यांचे दात्यांच्या साहाय्याने एका मोठ्या टप्प्यात रूपांतर करायचे.

अलीकडच्या काळातले एक उदाहरण वर्गात सांगण्याजोगे आहे. १८४७ साली मॉर्मन पंथाच्या लोकांचा एक तांडा बैलगाड्या घेऊन अमेरिकेतल्या मिसुरी नदीपासून पश्चिमेकडे निघाला होता. रोज किती चाल झाली याबद्दल तांड्यात मतभेद होत. विल्यम क्लेटन याच्याकडे नोंदी ठेवण्याचे काम होते. त्याने एका गाडीच्या चाकाचा परीघ मोजला. तो १४ फूट ८ इंच भरला. मग चाकाच्या एका आरीला त्याने लाल चिंधी बांधली आणि गाडीबरोबर चालत चालत चिंधी किती वेळा वर येते ते मोजले. एका दिवसात ४०७० फेऱ्या झाल्या.

इथे विद्यार्थ्यांना थांबवून हिशेब करायला सांगावे. १४ फूट ८ इंच गुणिले ३६० बरोबर ५२८० फूट, म्हणजे नेमका एक मैल! ४०७० भागिले ३६० केले की सव्वाअकरा मैलांहून किंचित जास्त अंतर येते. दिवसभर फेऱ्या मोजण्याचा कंटाळा येणे साहजिकच होते. म्हणून थोड्याच दिवसांत ऑर्सन प्रॅट याने एक लाकडी यंत्र सुचवले. चाकाच्या ६ फेऱ्यांना एका मळसूत्राची १ फेरी, आणि मळसूत्राच्या ६० फेऱ्यांना एका दंतचक्राची १ फेरी. सहा गुणिले साठ बरोबर ३६०. दंतचक्र एकदा फिरले की एक मैल झाला. तांड्यातल्या ॲपलटन हार्मन या सुताराने ते बनवून गाडीवर बसवले.

चाक नसेल तर? १८६५-६६ साली पंडित नैनसिंग नेपाळमार्गे ल्हासापर्यंत गेले. तिबेटमध्ये उघडपणे मोजमाप करणे शक्यच नव्हते. यात्रेकरूच्या वेषात ते पावले मोजीत चालले. चढ असो, उतार असो, पाऊल सारख्याच लांबीचे पडावे असा सराव त्यांच्याकडून आधी करून घेतला होता. साधारण २००० पावलांना एक मैल होई. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते. दर १०० पावलांना एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की १०,००० पावले झाली. इथेही गुणाकार तोच आहे. पावलांच्या संख्येची काळजी माळ घेत होती. पाऊल सारखे पडण्याची काळजी मात्र त्या माणसालाच घ्यायची होती, आणि कठीण भाग तोच होता.

केबल, दंतचक्रे आणि हातचा

आता आपल्या ओळखीच्या वाहनांकडे वळू. जुन्या स्कूटरच्या पुढच्या चाकाजवळ लोखंडी आवरणातली एक बारीक केबल निघून हँडलवरच्या मीटरपर्यंत गेलेली दिसते. ब्रेकची केबल ओढली जाते, ही केबल मात्र स्वतःभोवती फिरते. चाकाच्या तुंब्यात मळसूत्र आणि दंतचक्र यांची जोडी असते. चाक फिरले की त्या जोडीमुळे केबल ठरावीक प्रमाणात फिरते. जुन्या मोटारींत ही केबल बहुधा गिअरबॉक्समधून निघते.

मीटरच्या आत पोचल्यावर या फिरण्याची गती आणखी काही मळसूत्रांनी कमी केली जाते. किती कमी करायची? स्कूटरच्या टायरवर ३.५०-१० असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ, टायरची रुंदी साडेतीन इंच आणि आतल्या रिमचा व्यास १० इंच. अशा टायरची उंची जवळपास रुंदीइतकीच असते. म्हणून चाकाचा एकूण व्यास १० + ३.५ + ३.५ = १७ इंच, म्हणजे सुमारे ४३.२ सेंटिमीटर. याला ३.१४ ने गुणले की परीघ येतो सुमारे १३५.६ सेंटिमीटर. एक किलोमीटर जायला या चाकाला सुमारे ७३७ फेऱ्या कराव्या लागतील. तेव्हा दात्यांची रचना अशी करायची की चाकाच्या तितक्या फेऱ्या झाल्या की किलोमीटरचे चाक एका अंकाने पुढे सरकेल.

अंकांची ही चाके पाहण्यासारखी असतात. प्रत्येकाच्या कडेवर ० ते ९ अंक असतात. एकं स्थानचे चाक ९ वरून ० वर येताना त्याच्या बाजूचा दाता मधल्या लहान दंतचक्राला धक्का देतो आणि दहं स्थानचे चाक एक अंक पुढे जाते. बेरीज करताना आपण जो ‘हातचा’ घेतो तोच हा. दशमान पद्धतीत स्थानांची किंमत कशी वाढते हे दाखवायला भंगारातल्या जुन्या मीटरइतके चांगले साधन नाही. पाच अंकी मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा ००,००० दाखवतो. तेव्हा ‘१२,३४५’ वाचून ते वाहन १२,३४५ किलोमीटर चालले आहे की १,१२,३४५, हे नुसत्या मीटरवरून सांगता येत नाही.

त्याच केबलने वेगाचा काटाही हलतो. पण त्याची रीत वेगळी आहे. केबलच्या टोकाला एक लोहचुंबक फिरतो. त्याच्याभोवती ॲल्युमिनियमची वाटी असते. चुंबक वाटीला टेकत नाही, पण तो फिरू लागला की वाटीत विद्युतप्रवाहाचे भोवरे निर्माण होतात आणि वाटी चुंबकाबरोबर ओढली जाते. एक बारीक स्प्रिंग तिला मागे धरते. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी वाटी जास्त वळते आणि काटा वर चढतो. जर्मनीतील ओट्टो शुल्झे याने १९०२ साली या रचनेचे पेटंट घेतले.

ही केबल तुटली तर काय होते हे बहुतेकांनी अनुभवले असेल. गाडी जोरात पळत असते, काटा शून्यावर पडलेला असतो आणि किलोमीटरचा आकडा जागचा हलत नाही. गाडी पुढे जाते आहे याचा मीटरला पत्ताच नसतो. त्याला फक्त केबल माहीत असते.

आजच्या बहुतेक वाहनांत केबलच्या जागी विजेचे ठोके आले आहेत. चाकाबरोबर किंवा गिअरबॉक्समध्ये दाते असलेली एक लोखंडी कडी फिरते. तिच्याजवळ बसवलेल्या संवेदकासमोरून दाता गेला की विजेचा एक ठोका निर्माण होतो. समजा, कडीला ४८ दाते असतील तर ४८ ठोके म्हणजे चाकाची एक फेरी. लहानसा संगणक ठोके मोजतो, ठरलेल्या संख्येने गुणतो आणि उत्तर स्मृतीत साठवतो. आकडा आता दशांश चिन्हासह झळकतो. त्यामुळे तो जास्त अचूक वाटतो. पण बदलली आहे ती मोजण्याची रीत. गुणाकारातली दुसरी संख्या तशीच गृहीत धरलेली आहे. पूर्वी ती दात्यांत होती, आता ती स्मृतीत आहे, एवढेच.

चाक झिजते, गृहीत झिजत नाही

मोटारीच्या टायरवर १६५/८० आर १४ अशी खूण असते. टायरची रुंदी १६५ मिलिमीटर, टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर, आणि रिमचा व्यास १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. एकूण व्यास ३५५.६ + १३२ + १३२ = ६१९.६ मिलिमीटर. परीघ सुमारे १.९५ मीटर.

पुष्कळदा एकाच मोटारीच्या महागड्या प्रकाराला १८५/६५ आर १५ हा टायर दिलेला असतो. रुंदी वेगळी, रिम वेगळी. विद्यार्थ्यांना याचा व्यास काढायला सांगा. ३८१ + १२०.२५ + १२०.२५ = ६२१.५ मिलिमीटर! दोन्हींत फरक फक्त दोन मिलिमीटरचा. हा योगायोग नव्हे. रिम मोठी केली की टायरची उंची कमी करून बाहेरचा व्यास जवळपास तोच राखतात. मीटर बरोबर चालत राहण्याला याने मदत होते. हा हिशेब न करता कोणी हौसेने भलत्याच मापाचे टायर बसवले, तर मीटर खोटे बोलू लागतो.

टायर न बदलतासुद्धा व्यास बदलतो, कारण टायर झिजतो. नव्या टायरच्या नक्षीची खोली ८ मिलिमीटर धरू. ती १.६ मिलिमीटरवर आली की मोटारीचा टायर बदलायचा असतो. म्हणजे त्रिज्या ६.४ मिलिमीटरने घटली. परीघ २ × ३.१४ × ६.४ म्हणजे सुमारे ४० मिलिमीटरने कमी झाला. १९५० मध्ये ४० म्हणजे साधारण २ टक्के. आता तेवढेच अंतर जायला चाक २ टक्के जास्त फेऱ्या करील, आणि मीटर बिचारा प्रत्येक फेरी जुन्याच परिघाने गुणील. ९८ किलोमीटर जाऊन तो १०० दाखवील. प्रत्यक्षात हा फरक यापेक्षा काहीसा कमी भरतो. त्याचे कारण टायरच्या घडणीत आहे.

रस्त्यावर उभ्या मोटारीचा टायर खाली थोडा चपटा झालेला असतो. आसाची जमिनीपासूनची उंची टायरच्या मूळ त्रिज्येपेक्षा कमी असते. तेव्हा ‘एका फेरीत कापलेले अंतर = २ × ३.१४ × आसाची उंची’ असे उत्तर विद्यार्थी देतील. ते तर्काला पटणारे आहे, पण चूक आहे. टायरच्या आत, नक्षीच्या खाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. तो ताणला किंवा आखडला जात नाही म्हटले तरी चालेल. रणगाड्याचा पट्टा आठवा. त्याचा आकार गोल नसतो, तरी पट्टा एकदा पूर्ण फिरला की रणगाडा पट्ट्याच्या लांबीइतका पुढे जातो. टायरचेही बरेचसे तसेच आहे. तो चपटा झाला तरी जवळजवळ सगळा पट्टा एका फेरीत रस्त्यावरून जावा लागतो. म्हणून एका फेरीत कापलेले अंतर मूळ परिघाहून थोडेसेच कमी असते, आसाच्या उंचीवरून काढलेल्या उत्तराइतके कमी नसते. नक्षी झिजल्याचा परिणाम पूर्ण २ टक्के दिसत नाही, तोही यामुळेच.

वर्गात करून पाहण्यासाठी

लागणारे साहित्य : सायकल, खडू, मोजपट्टी किंवा टेप, आणि शाळेचे मोकळे अंगण.

१. सायकलच्या पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह अगदी खाली येईल असे चाक उभे करा. त्या जागी जमिनीवर खडूने खूण करा. सायकल सरळ ढकलत चाकाच्या १० फेऱ्या होऊ द्या. व्हॉल्व्ह दहाव्यांदा खाली आला की दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर मोजा व १० ने भागा. एकाच फेरीचे अंतर न मोजता दहा फेऱ्यांचे का मोजायचे? खुणा करताना होणारी चूक दहांत वाटली जाते म्हणून.

२. आता सायकलवर एक विद्यार्थी बसवा. दुसऱ्या दोघांनी सायकल धरून हळूहळू ढकलावी. पुन्हा १० फेऱ्या मोजा.

३. पुढच्या चाकातली हवा थोडी कमी करून हाच प्रयोग पुन्हा करा.

४. चाकाचा व्यास मोजून ३.१४ ने गुणा. तसेच तिन्ही वेळा आसाची उंची मोजून त्यावरून परीघ काढा. कोणते उत्तर प्रत्यक्ष अंतराच्या जास्त जवळ आहे?

५. शेवटी आरीला रंगीत चिंधी बांधा आणि शाळेच्या फाटकापासून एखाद्या ठरलेल्या ठिकाणापर्यंत फेऱ्या मोजत जा. दोन गटांनी वेगवेगळ्या सायकली घ्याव्यात. फेऱ्यांची संख्या वेगळी येईल. गुणाकाराची उत्तरे किती जुळतात?

सायकलच्या टायरमध्ये पोलादी पट्टा नसतो, म्हणून वजनाचा आणि हवेचा परिणाम तिथे ताडून पाहता येतो.

ओढणारे चाक आणि मोजणारे चाक

झीज आणि हवा याशिवाय आणखी एक अडचण आहे. चिखलात रुतलेल्या मोटारीचे मागचे चाक गरगर फिरते आणि मोटार जागची हलत नाही. जोरात ब्रेक लावून चाक जाम झाले तर उलटे होते : गाडी घसरत पुढे जाते आणि चाक फिरत नाही. दोन्ही वेळा फेऱ्या आणि अंतर यांची फारकत होते. इंजिन ज्या चाकाला फिरवते ते चाक रस्त्यावर नेहमीच किंचित घसरत असते. म्हणूनच स्कूटरची केबल पुढच्या चाकावरून घेणे शहाणपणाचे असते. ते चाक ओढत नाही, नुसते रस्त्याबरोबर फिरते.

हीच काळजी चंद्रावरही घेतली गेली होती. सोव्हिएत संघाची ‘लुनाखोद-२’ ही गाडी १९७३ साली चंद्रावर उतरली. तिला चालवणारी आठ चाके होती आणि मोजण्यासाठी नववे, लहानसे, मोकळे फिरणारे चाक होते. फेऱ्यांच्या हिशेबाने ती ३७ किलोमीटर चालली असे मानले जात होते. पुढे चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने तिच्या चाकोऱ्यांची छायाचित्रे घेतली. त्यांवरून मोजणी केल्यावर हे अंतर सुमारे ३९ किलोमीटर ठरले. मंगळावरची ‘ऑपॉर्च्युनिटी’ गाडी पृथ्वीबाहेरच्या प्रवासाचा हा विक्रम मोडण्याच्या बेतात असल्यामुळे या फरकाला महत्त्व आले होते. २०१४ साली तिने तो मोडला. ‘क्युरिऑसिटी’ या गाडीच्या चाकांना मुद्दाम भोके ठेवली गेली. वाळूत उमटणारी त्यांची नक्षी कॅमेऱ्याने पाहिली की चाक किती घसरले ते कळते.

रेल्वेत तर चाक लोखंडाचे असूनही प्रश्न सुटत नाही. आपल्याकडच्या ब्रॉडगेज इंजिनांच्या पुष्कळ प्रकारांत नव्या चाकाचा व्यास १०९२ मिलिमीटर असतो. झिजत आणि कातत तो १०१६ मिलिमीटरपर्यंत उतरू देतात. परीघ ३.४३ मीटरवरून ३.१९ मीटरवर येतो. नव्या चाकासाठी लावलेला मीटर पूर्ण झिजलेल्या चाकावर तसाच ठेवला तर १०० किलोमीटरला तो जवळजवळ १०७.५ दाखवील. म्हणून चाक कातल्यावर त्याचा नवा व्यास यंत्रणेला सांगावा लागतो. त्यातूनही चाक घसरतेच. त्यामुळे ‘कवच’ या भारतात विकसित झालेल्या सुरक्षा यंत्रणेत रुळांमध्ये ठरावीक अंतरांवर खूणपट्ट्या बसवल्या जातात. इंजिन त्यांच्यावरून गेले की आपण नेमके कुठे आहोत हे त्याला बाहेरून कळते आणि फेऱ्यांच्या हिशेबात साठलेली चूक पुसली जाते. सिग्नल किती दूर आहे यावर ब्रेक लावायचा की नाही हे ठरणार असेल, तर शंभरात सातची चूक म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

पैसे मोजणारा मीटर

‘टॅक्सी’ हे नावच मुळी टॅक्सीमीटरवरून पडले. मुंबईत पुष्कळ वर्षे यांत्रिक मीटर होते. त्यावरचा आकडा जुन्या दराचा असे आणि प्रवासी छापील कार्ड पाहून खरे भाडे ठरवीत. २०१२ च्या सुमारास तिथे इलेक्ट्रॉनिक मीटर आले. तेही चाकाच्या फेऱ्यांचे ठोकेच मोजतात, आणि वाहन थांबले की वेळ मोजतात. रिक्षाचा ४.००-८ टायर घेतला तर व्यास सुमारे १६ इंच आणि परीघ सुमारे १२८ सेंटिमीटर. चाक लहान, म्हणून तेवढीच नक्षी झिजली तरी टक्केवारी जास्त. मीटर पुढे पळाला म्हणजे चालकाने लबाडी केलीच असे म्हणता येत नाही, आणि मीटरला सील आहे म्हणजे तो आज बरोबरच आहे असेही म्हणता येत नाही. सील मीटरला असते, टायरला नसते. म्हणूनच मीटर टेबलावर तपासून भागत नाही, तो वाहनावर बसवून मोजलेल्या रस्त्यावर चालवून पाहावा लागतो.

मुद्दाम केलेली फसवणूक हा प्रश्न वेगळा. केबल सोडून ठेवली की जुना मीटर थांबत असे. आज स्मृतीतला आकडा बदलणारी उपकरणे मिळतात. जुने वाहन घेणाऱ्याने मीटरचा आकडा हा अनेक पुराव्यांपैकी एक मानावा. सर्व्हिसिंगच्या नोंदी, पेडलवरच्या रबराची झीज आणि स्टिअरिंगची अवस्था त्याच्याशी जुळते का ते पाहावे.

वेगाच्या काट्याबाबत एक नियम जाणूनबुजून एकतर्फी केला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन नियमाप्रमाणे काट्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. थोडा जास्त दाखवलेला चालतो. त्यामुळे एकाच मोटारीत काटा थोडा पुढे आणि किलोमीटरचा आकडा जवळपास बरोबर, असे असू शकते.

मोबाइलमधल्या उपग्रह यंत्रणेला चाकाची गरज नसते. ती थोड्या थोड्या वेळाने आपले ठिकाण काढते आणि ठिकाणांमधली अंतरे मिळवते. टायर झिजल्याने तिला फरक पडत नाही. तिच्या चुका निराळ्या : उंच इमारतींमध्ये किंवा बोगद्यात ठिकाण नीट कळत नाही, आणि एका जागी उभे असतानाही ठिकाण इकडेतिकडे हलल्यासारखे दिसून थोडे अंतर वाढू शकते. दोन साधनांच्या चुका वेगळ्या कारणांच्या असल्या की एकाने दुसऱ्याला तपासता येते, हा त्यातला मोठा फायदा.

तपासायला दगड पुरे

मोबाइलही नसला तरी चालेल. महामार्गाच्या कडेला दर किलोमीटरला दगड असतो. पुढच्या वेळी सहलीची बस महामार्गाला लागली की विद्यार्थ्यांना एका दगडापाशी मीटरचा आकडा, दशांशासह, टिपायला सांगा. दहा दगड गेले की पुन्हा टिपा. एखादा दगड हललेला किंवा रस्ता बदललेला असू शकतो, म्हणून दोनतीन ठिकाणी करून पाहा.

समजा, एखाद्या मोटारसायकलने १० किलोमीटरला १०.३ दाखवले. ६ लिटर पेट्रोलमध्ये तिच्या मीटरवर ३०९ किलोमीटर झाले. मालक अभिमानाने म्हणेल, “साडेएक्कावन्नचा ॲव्हरेज आहे.” खरे अंतर किती? ३०९ भागिले १.०३, म्हणजे ३००. खरा ॲव्हरेज ५०. मीटरने एकही फेरी चुकीची मोजलेली नाही, तरी लिटरमागे दीड किलोमीटर हवेतून आला.

मोजमापाच्या प्रत्येक आकड्यामागे अशी एक मोजलेली आणि एक मानलेली गोष्ट असते. लिटरचे माप, वजनाचा काटा, रक्तदाबाचे यंत्र यांतली मानलेली गोष्ट कोणती, हा प्रश्न वर्गात टाकून पाहा. सुरुवात मात्र सायकलच्या चिंधीपासून करा. शाळेपासून एसटीच्या थांब्यापर्यंतचे अंतर दोन सायकलींनी मोजून वेगळे आले, तर विद्यार्थ्यांना लगेच ‘कुणाचे चुकले?’ असे विचारू नका. दोन्ही चाकांची हवा आधी पाहायला सांगा.